केंटकीचा पेंच : अमेरिकन यादवी युद्धाचे पहिले महिने



अमेरिकेंतील यादवी युद्धाचें नांव निघालें कीं, अब्राहम लिंकननें गुलामांच्या बेड्या तोडण्यासाठीं शस्त्र उचललें, असें चित्र आपल्यापुढें उभें राहतें. आपल्याकडे जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकन सज्जनांस अर्पण केलें, इतकी त्या कार्याची कीर्ति दूरवर पोंचली होती. परंतु युद्धाच्या पहिल्याच वर्षीं एका सेनापतीनें गुलामांस मुक्त केल्याचा जाहीरनामा काढला असतां खुद्द लिंकननेंच तो बदलावयास लाविला! हें कसें घडलें तें आज पाहूं.

१८६० च्या नोव्हेंबरांत लिंकन निवडून आला. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरूं द्यावयाची नाहीं, एवढेंच त्याच्या पक्षाचें म्हणणें होतें. दक्षिणेस तेवढेंहि सोसवलें नाहीं. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटलें आणि लिंकननें अधिकारसूत्रें हातीं घेण्यापूर्वींच सात संस्थानांनीं जेफर्सन डेव्हिस यास अध्यक्ष करून निराळें राज्य मांडलें. १२ एप्रिल १८६१ रोजीं त्यांच्या तोफांनीं चार्ल्स्टन बंदरांतील सम्टर किल्ल्यावर मारा सुरू केला. किल्ला पडला. लिंकननें ७५,००० सैनिक मागविले, तेहि अवघ्या तीन महिन्यांकरितां! ही मागणी होतांच व्हर्जिनिया धरून आणखी चार संस्थानें दक्षिणेस मिळालीं.

गुलाम बाळगणारीं, पण अद्याप संघराज्यांत असलेलीं अशीं चारच संस्थानें उरलीं : डेलावेअर, मेरीलंड, केंटकी आणि मिसूरी. सारें मर्म येथेंच आहे. नकाशा डोळ्यांपुढें आणा. राजधानी वॉशिंग्टनच्या तीन बाजूंस मेरीलंड, आणि पोटोमॅक नदीपलीकडे शत्रु झालेलें व्हर्जिनिया. १९ एप्रिलला मॅसॅच्युसेट्सची पलटण राजधानीच्या रक्षणास जात असतां मेरीलंडमधील बाल्टिमोर शहरांत जमावानें तिच्यावर दगडफेक केली. गोळीबार झाला, चार शिपाई व बारा नागरिक प्राणास मुकले. पुढें पूल जाळले गेले, तारा तोडल्या गेल्या, आणि कांहीं दिवस राष्ट्राध्यक्ष आपल्याच राजधानींत कोंडल्यासारखा झाला. तेव्हां लिंकननें तेथील लोहमार्गाच्या टापूंत हेबियस कॉर्पसचा हक्क तहकूब केला. हा अधिकार काँग्रेसचा आहे, असें सरन्यायाधीश टॅनी यांनीं बजावलें. त्यानें तें मानलें नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें टॅनी यांचीच बाजू मला सरस वाटते. मात्र मेरीलंड हातचें गेलें नाहीं, हेंहि खरें.

केंटकीशीं त्याची वागणूक अगदीं वेगळी होती. लिंकन आणि डेव्हिस या दोघांचीहि ही जन्मभूमि. ओहायो नदी तिच्या उत्तर सीमेवरून वाहते. ती भूमि शत्रूकडे जाती, तर दक्षिणेची हद्द त्या नदीपर्यंत आली असती. मे महिन्यांत केंटकीनें तटस्थता जाहीर केली. संघराज्याच्या एका घटकानें तटस्थ राहावें ही कल्पनाच विचित्र. पण लिंकननें तिला हात लाविला नाहीं. २१ जुलैस बुल रन येथें उत्तरेच्या फौजेची दाणादाण उडाली, तेव्हां तर अधिकच जपून पावलें टाकणें प्राप्त झालें.

आणि ३० ऑगस्टला मिसूरींत जनरल फ्रीमॉंट यानें बंडखोरांचे गुलाम मुक्त झाल्याचें पुकारलें. उत्तरेंत जयजयकार झाला. लिंकननें प्रथम खासगी पत्रानें त्याची समजूत घातली. उघड हुकुमावांचून आपण माघार घेणार नाहीं, असें फ्रीमॉंटनें कळविलें, तेव्हां ११ सप्टेंबरला तसा हुकूम सुटला. केंटकी गमावणें म्हणजे जवळजवळ सर्वच डाव गमावणें होय, असें त्यानें ब्राउनिंग या मित्रास लिहिलें. फ्रीमॉंटची वार्ता ऐकून स्वयंसैनिकांच्या एका तुकडीनें शस्त्रें टाकल्याचेंहि त्यांत नमूद आहे. योगायोग असा कीं, त्याच महिन्याच्या आरंभीं दक्षिणेच्या सैन्यानें उतावीळपणें केंटकींतील कोलंबस गांव बळकावलें. तटस्थता संपली आणि तेथील कायदेमंडळ लिंकनच्या बाजूस आलें.

डाव साधला खरा. पण त्याचें मोल कोणी दिलें? गुलामांनीं. तथापि ते स्वस्थ बसले नव्हते. मे महिन्यांतच तीन गुलाम पळून व्हर्जिनियांतील मन्रो किल्ल्यावर आले. जनरल बटलर यानें त्यांस 'युद्धांत जप्त होणारा माल' ठरवून मालकाकडे परत देण्याचें नाकारलें. माणसास माल म्हणणें लाजिरवाणें, पण त्या शब्दानें दार किलकिलें झालें. मागून शेंकडों आले.

१ जानेवारी १८६३ च्या प्रसिद्ध जाहीरनाम्यांतून लिंकननें हीं चारहि संस्थानें वगळलीं. मेरीलंड व मिसूरी यांनीं पुढें आपण होऊन गुलामगिरी बंद केली. केंटकींतील उरलेल्या गुलामांस मुक्तता मिळाली ती १८६५ च्या डिसेंबरांत, घटनादुरुस्तीनें. त्या वेळीं लिंकनच्या वधास आठ महिने होऊन गेले होते.