रद्दीत सापडलेली विमानाची किंमत

तुमच्यापैकी कुणी पोस्टाची तिकिटं जमवत असेल, कुणी जुनी नाणी, कुणी क्रिकेटपटूंच्या सह्या. आमच्या लहानपणी काडेपेट्यांचे छाप जमवायचं वेड होतं. मी काय जमवतो ते सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग जरा काळजीने बघतात. मी जुनी पुस्तकं जमवतो. तीही कसली, तर कुठल्या देशाने सैन्यावर किती पैसे खर्च केले, युद्धं का झाली आणि ती टाळता आली असती का, या विषयावरची!

थांबा, पान उलटू नका. वाटतो तितका हा विषय रुक्ष नाही.

गोष्ट १९८४ सालची. मी पुण्यात अकरावीत होतो. भौतिकशास्त्राचं जुनं गाइड स्वस्तात मिळतंय का ते बघायला रविवारी जुन्या बाजारात गेलो. गंजलेले स्पॅनर, बंद पडलेले रेडिओ आणि पितळी समया यांच्या मधोमध एकाने गोणपाटावर पुस्तकं मांडली होती. गाइड काही मिळालं नाही. हाताला लागलं ते एक मोठ्या आकाराचं, पातळसं इंग्रजी पुस्तक. आत नुसते तक्ते आणि आलेख. "घेऊन टाक, दोन रुपये," विक्रेता म्हणाला. तेवढेच सुटे होते, म्हणून घेतलं.

ते पुस्तक रूथ लेगर सिवार्ड नावाच्या अमेरिकन बाईंचं होतं. या बाई अर्थतज्ज्ञ. शस्त्रनियंत्रणाचं काम बघणाऱ्या अमेरिकन सरकारच्या खात्यात त्या होत्या. जगातले देश सैन्यावर किती खर्च करतात आणि शिक्षण-आरोग्यावर किती, हे त्या शेजारी शेजारी मांडायच्या. पुढे सरकारने ही तुलना छापणं थांबवलं. बाईंनी काय करावं? नोकरी सोडली आणि १९७४ पासून तेच पुस्तक स्वतः काढायला लागल्या! पुढची वीसेक वर्षं त्यांनी ते चालू ठेवलं. प्रत्येक देशाची एक ओळ. सैन्याचा खर्च किती, शिक्षणाचा किती, दर हजारी किती बाळं दगावतात. मी आधी भारताची ओळ शोधली, मग पाकिस्तानची, मग अमेरिकेची. अभ्यास राहिला बाजूला.

तेव्हापासून मला हिशेब करायचा नाद लागला. एका विमानाच्या पैशात शाळा किती, दवाखाने किती? मला वाटायचं, ही माझीच अक्कल. मग दुसऱ्या एका जुन्या पुस्तकातून कळलं की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १६ एप्रिल १९५३ च्या भाषणात हाच हिशेब जाहीरपणे मांडला होता. एका बॉम्बफेकी विमानाच्या किमतीत तीसहून जास्त शहरांत प्रत्येकी एक पक्की शाळा उभी राहील, आणि एका लढाऊ विमानापायी पाच लाख बुशेल गहू जातो, असं ते म्हणाले. पाच लाख बुशेल म्हणजे सुमारे साडेतेरा हजार टन! आणि हे सांगणारा माणूस कोण? दुसऱ्या महायुद्धात पश्चिम युरोपात दोस्त राष्ट्रांच्या फौजांचा सरसेनापती असलेला सेनानी.

झालं, माझं मत पक्कं झालं. आमच्या वाड्यात एक निवृत्त सुभेदारकाका राहायचे. त्यांना ऐटीत म्हणालो, "काका, सगळ्या देशांनी सैन्यं बंद करून शाळा काढायला हव्यात." काका रागावले नाहीत. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "काढ की शाळा. पण बासष्ट सालावर काय वाचलंयस?" मी काहीच वाचलं नव्हतं. "मग आधी दळवीसाहेबांचं पुस्तक वाच आणि मग ये."

ते मिळायला मला दोन वर्षं लागली. ब्रिगेडियर जॉन दळवी यांचं 'हिमालयन ब्लंडर', १९६९ साली निघालेलं. नवं घ्यायला पैसे नव्हते, आणि जुन्यात सहजी सापडेना. शेवटी लष्कर भागातल्या एका रद्दीच्या दुकानात तराजूशेजारी पडलेलं दिसलं. पुण्यात दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे, खडकवासल्याला एनडीए आहे, आणि निवृत्त झालेले कितीतरी फौजी अधिकारी पुण्यातच घर करतात. पुढे कधी ती घरं रिकामी होतात, तेव्हा त्यांची पुस्तकं किलोच्या भावाने रद्दीत जातात. मला त्याचं वाईटही वाटतं आणि (खोटं कशाला बोलू?) आनंदही होतो.

दळवी हे सातव्या ब्रिगेडचे प्रमुख. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नामका चू नदीकाठच्या त्यांच्या ब्रिगेडवर चिनी सैन्याने हल्ला केला. जवानांच्या अंगावर त्या थंडीला पुरतील असे कपडे नव्हते, हातात जुन्या .३०३ रायफली आणि त्यांच्या गोळ्याही मोजक्याच. दोन दिवसांनी दळवी चिन्यांच्या हाती सापडले आणि मे १९६३ पर्यंत कैदेत होते. मला मिळालेल्या प्रतीत गरम कपडे नसल्याच्या मजकुराशेजारी समासात कुणीतरी पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते: "खरे आहे." सही नाही, तारीख नाही. मराठीत. तो वाचक तिथे होता का? मला कधीच कळलं नाही. मी तो समास खोडरबराने साफ केलेला नाही.

मग मी या विषयावर मिळेल ते शोधू लागलो. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात तेव्हा पूर्व कमांडचे प्रमुख होते. १९६० मध्येच त्यांनी लखनौला 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव भरवला. चीनने हल्ला केला तर आपलं काय होईल, हे त्यात नकाशावर मांडून दाखवलं आणि जादा फौज मागितली. वरिष्ठांनी ते मनावर घेतलं नाही. युद्धात फटका बसल्यावर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला गेले, ते तुम्ही इतिहासात वाचलंच असेल.

मी परत काकांकडे गेलो. म्हणालो, "काका, आता माझा गोंधळ झालाय." काका म्हणाले, "झाला ना? मग बरं झालं." बाकी काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या कपाटात दळवी आणि सिवार्डबाई एकाच फळीवर शेजारी शेजारी आहेत.

आता जरा आकड्यांबद्दल, कारण खरी गंमत तिथेच आहे. स्वीडनमध्ये सलग दीडशे वर्षं युद्ध झालं नाही, त्याची आठवण म्हणून १९६६ साली तिथे 'सिप्री' ही शांतता संशोधन संस्था निघाली. तिचं जाडजूड वार्षिक पुस्तक निघतं. लंडनच्या एका संस्थेचं 'द मिलिटरी बॅलन्स' १९५९ पासून निघतंय. माझ्याकडे दोन्हींचे काही जुने अंक आहेत. एकदा मी एकाच देशाचा, एकाच वर्षाचा खर्च दोन्हीकडे पाहिला, तर आकडे वेगळे! मला वाटलं, कुणीतरी खोटं बोलतंय. तसं नव्हतं. कुणी निवृत्त सैनिकांची पेन्शन धरतं, कुणी धरत नाही. कुणी त्या वर्षीच्या भावाने मोजतं, कुणी महागाई वजा करून. आणि सिप्रीवाले तर नवी माहिती मिळाली की आपलेच जुने आकडे दुरुस्त करतात. त्यामुळे दोन वेगळ्या वर्षांच्या पुस्तकांतले आकडे जोडून एक आलेख काढला, तर तो चुकतो. मी काढला होता. वहीची सहा पानं वाया गेली.

अलीकडचंच बघा. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते आणि शिक्षण मंत्रालयासाठी सुमारे १ लाख २८ हजार कोटी. वाचून लगेच हळहळायला होतं ना? पण शाळांवरचा बराचसा खर्च राज्य सरकारं करतात, तो यात धरलेलाच नव्हता. आणि संरक्षणाच्या रकमेत सुमारे १ लाख ६१ हजार कोटी पेन्शनचे होते. काका गेल्यावर काकूंना मिळायची ती पेन्शन याच खात्यातली. म्हणून खर्च काळजी करण्यासारखा नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. सिप्रीच्या हिशेबाने २०२४ साली साऱ्या जगाने सैन्यावर २ लाख ७१ हजार ८०० कोटी डॉलर खर्च केले. तान्ह्या बाळांसकट माणशी सव्वातीनशे डॉलरहून जास्त.

आणखी एका पुस्तकाबद्दल सांगायलाच हवं. नॉर्मन एंजेल यांचं 'द ग्रेट इल्यूजन', १९१० सालचं. "याने म्हणे युद्ध आता होणंच शक्य नाही असं लिहिलं आणि चार वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं!" अशी त्यांची चेष्टा मी ठिकठिकाणी वाचली होती. फूटपाथवर मूळ पुस्तक मिळालं तेव्हा पाहिलं, तर त्यांचं म्हणणं भलतंच होतं. युद्ध झालं तर जिंकणाराही तोट्यात जाईल, असं ते सांगत होते. ते तर खरंच ठरलं! १९३३ चं शांततेचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. चेष्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते उघडून पाहिलं असेल, देव जाणे.

तुम्हाला असं काही जमवायचं असेल तर मुंबईत हुतात्मा चौकाजवळचे आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलचे फूटपाथ बघा. दिल्लीला जाणं झालं तर दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार गाठा. २०१९ मध्ये तो रस्त्यावरून जवळच्या महिला हाटमध्ये हलवला गेला. वाचनालयं बाद पुस्तकं काढतात तेव्हाही चौकशी करा, मात्र 'बाद' असा शिक्का आहे ना ते बघून घ्या. घेताना आधी छपाईचं साल बघा, मग मधली पानं मोजा. तक्त्याचं पानच कुणीतरी फाडून नेलेलं असतं. घरी आणल्यावर आधी वेगळं ठेवा, नाहीतर त्यातली कसर तुमच्या बाकीच्या पुस्तकांना लागेल. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, पिवळी पडून पानच खाते. आणि आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहा: कुठे मिळालं, कधी, केवढ्याला.

माझ्या सिवार्डबाईंच्या पुस्तकावर 'जुना बाजार, २ रु.' असं अजून आहे. पण तो पुढचा अंक. १९७४ चा पहिला मला आजवर मिळालेला नाही. रद्दी चाळताना तुम्हाला दिसला तर मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाका. दोन रुपयांपेक्षा नक्की जास्त देईन.