सात खटले, अठ्ठेचाळीस कबुल्या

18 डिसेंबर 2003 रोजी सिएटलच्या न्यायालयाने गॅरी रिजवेला पॅरोलविना जन्मठेप सुनावली. 48 स्त्रियांच्या खुनांची कबुली देणारा जगणार असेल, तर मृत्युदंड ठेवायचा तरी कोणासाठी, असा सवाल तेव्हा उठला. सवाल रास्त होता. तरीही मृत्युदंडाची मागणी सोडून कबुल्या मिळवण्याची किंग काउंटीचे सरकारी वकील नॉर्म मॅलेंग यांनी केलेली तडजोड योग्यच होती. तिच्यामुळे उघडा पडला तो मृत्युदंडाचा कायदा.

1982च्या उन्हाळ्यात केंटजवळ ग्रीन नदीत मृतदेह सापडू लागले. बळी गेलेल्यांपैकी बहुतेक जणी घर सोडलेल्या किंवा देहविक्रयात ओढल्या गेलेल्या होत्या. त्या नाहीशा झाल्या तरी लगेच कोणी शोधणार नाही, हा रिजवेचा हिशेब त्यानेच पुढे सांगितला. ट्रक कारखान्यातला हा रंगारी 1983 मध्येच संशयितांत आला होता. 1984 मध्ये पॉलिग्राफ चाचणीतून तो निसटला. 1987 मध्ये झडती झाली, लाळेचा नमुना घेतला गेला, पण अटकेपुरता पुरावा मिळाला नाही. तो नमुना जपून ठेवला होता म्हणूनच 2001 मध्ये नव्या डीएनए तंत्राने त्याची ओळख पटली आणि 30 नोव्हेंबरला त्याला अटक झाली. डीएनए आणि इतर पुराव्यांवर चार आरोप ठेवले गेले. रंगाच्या सूक्ष्म कणांवरून पुढे आणखी तीन. गाडी तिथेच अडली. मृत्युदंडाचा आग्रह धरला असता, तर सात कुटुंबांना निकाल मिळाला असता आणि उरलेल्यांच्या हाती काहीच लागले नसते.

जीव वाचवण्यासाठी माणूस काहीही कबूल करील, हा पहिला आक्षेप. पण इथे नुसत्या शब्दावर काम भागवले नाही. 2003 मध्ये कित्येक महिने जबाब चालले, त्याचे खोटे पकडले गेले, त्याने दाखवलेल्या जागा खणल्या गेल्या आणि काही अवशेष खरोखर सापडले. काउंटीतला आणखी खून सिद्ध झाल्यास तोही कबूल करण्याचे बंधन करारात होते. त्यानुसार 2011 मध्ये त्याने 49वा खून मान्य केला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: ज्याने जास्त मारले त्याच्याकडे सौद्याला जास्त भांडवल, हा कसला न्याय? त्याच काउंटीत पत्नी आणि तिच्या दोन मुलींना मारणाऱ्या कैद्याने नेमका हाच मुद्दा वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात मांडला. 2006 मध्ये तो पाच विरुद्ध चार मतांनी हरला. मॅलेंग यांच्या बाजूनेही या विसंगतीला उत्तर नाही. मात्र त्यावरचा उपाय रिजवेला मारणे हा नव्हता. तसे केल्याने चाळीसहून अधिक खून अंधारातच राहिले असते. 2018 मध्ये त्याच न्यायालयाने, मनमानी आणि वांशिक पक्षपाताने दिला जातो म्हणून, वॉशिंग्टनचा मृत्युदंड घटनाबाह्य ठरवला. 2023 मध्ये विधिमंडळाने तो कायद्यातूनही काढला. रिजवे हे त्या निकालाचे कारण नव्हे. पण राज्यातला सर्वात मोठा खुनी ज्या शिक्षेच्या कक्षेत बसत नाही, ती इतरांना देण्याचा नैतिक अधिकार राज्याने 2003 मध्येच गमावला होता.