विश्लेषण : कासवाला कायद्याचे कवच, दगडफुलाला का नाही?

पावसाळ्यात झाई-बोर्डी ते डहाणू किनाऱ्यावर जखमी ऑलिव्ह रिडले कासव वाहून आले, की वन विभागाला फोन जातो. किनाऱ्यामागच्या चिकूच्या वाड्यांत खोडांवर राखाडी-हिरवट पापुद्रे दिसतात. ते नाहीसे झाले तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

हे पापुद्रे म्हणजे काय?

शैवाक. गोड्या मसाल्यातले दगडफूलही शैवाकच; नावात फूल असले तरी ते फूल नाही आणि वनस्पतीही नाही. बुरशी आणि शैवाल (किंवा नीलहरित जीवाणू) यांचा हा एकत्र संसार. बुरशी निवारा देते, शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते. वर्गीकरणात मात्र नाव बुरशीचेच लागते. कासवाचे तसे नाही, तो सरळसरळ सरपटणारा प्राणी. कासव उष्ण समुद्रांत वावरते, तर शैवाकाच्या सुमारे २० हजार प्रजाती ध्रुवीय खडकांपासून वाळवंटापर्यंत पसरल्या आहेत.

संरक्षण कुणाला?

ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. शिकार केल्यास किमान तीन वर्षे कैद. आंतरराष्ट्रीय लाल यादीतही ते 'असुरक्षित' गटात मोडते. शैवाकांपैकी फार थोड्या प्रजाती या यादीसाठी तपासल्या गेल्या आहेत. बाजारातले दगडफूल शेतात पिकत नाही, जंगलातून खरवडून आणले जाते. वाढ मात्र वर्षाला काही मिलिमीटर. डोळे मिचकावणाऱ्या प्राण्याला सहानुभूती लवकर मिळते, हेही खरेच.

डहाणूत हे महत्त्वाचे का?

डहाणू तालुका २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. तरीही इथे ५०० मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प १९९५ मध्ये सुरू झाला. धुरातला सल्फर डायऑक्साइड रोखणारी यंत्रणा २००७ मध्ये आली. शैवाकाला मुळे नसतात. पाणी आणि पोषण ते थेट हवेतून घेते, त्यामुळे हा वायू त्यातल्या शैवालाचे हरितद्रव्य नष्ट करतो. विल्यम निलँडर यांनी १८६६ मध्येच पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांवरून हवेची शुद्धता जोखता येते, असे नोंदवले होते.

डहाणू-तलासरीतल्या वाडीतही हे पाहता येते. हवा बिघडली की फांद्यांवरचे झुडपी, लोंबते प्रकार सहसा आधी जातात, मग पानासारखे. खोडाला घट्ट चिकटलेले पापुद्रे सर्वांत शेवटी.