जावाचा जीर्णोद्धार

म्हैसूरच्या यादवगिरीतील कारखान्यातून 1961 पासून बाहेर पडू लागलेली जावा ही मोटारसायकल कधी बिघडत नसे, असे तिचे निस्सीम भक्तदेखील म्हणणार नाहीत. प्लग काळा पडे, पॉइंटांत कचरा अडके, सायलेन्सर काजळीने तुंबत, आणि सहा व्होल्टांचा दिवा पावसाळी रात्री आपण येत आहोत एवढेच समोरच्याला कळविण्यापुरता उजेड देई. परंतु यांपैकी बहुतेक व्याधींवर मालकालाच रस्त्याच्या कडेला बसून, गाडीबरोबर मिळालेल्या चार पान्यांनिशी उपाय करता येई. आणि ज्या यंत्राच्या पोटात मालकाचा हात असा निःशंक जाऊ शकतो, तेच यंत्र गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागे वा वाड्याच्या जिन्याखाली वर्षानुवर्षे बेवारस पडून राहिल्यावरही घरच्या अंगणात पुन्हा उभे करता येते, असे माझे मत आहे.

जावाचे कुळ चेकोस्लोव्हाकियाचे. प्रागमधील शस्त्रनिर्माता फ्रांतिशेक यानेचेक याने 1929 साली वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा व्यवसाय विकत घेतला आणि आपल्या व त्या कंपनीच्या नावांची पहिली दोन-दोन रोमन अक्षरे जोडून गाडीचे बारसे केले. पुढे दुसऱ्या महायुद्धात देश जर्मन अंमलाखाली असताना तेथील अभियंत्यांनी सत्ताधीशांच्या नकळत एका नव्या 250 सी.सी. गाडीचा आराखडा सिद्ध केला. 1941 मध्ये निवर्तलेल्या यानेचेकला ती पाहावयास मिळाली नाही, परंतु युद्ध संपताच, 1946 मध्ये, ‘पेराक’ या नावाने ती पॅरिसच्या प्रदर्शनात झळकली. तिचीच सुधारलेली, मागे झुलत्या फाट्याची आवृत्ती 1954 च्या सुमारास निघाली, आणि आपल्या रस्त्यांवर रुळली ती प्रामुख्याने हीच. मुंबईत या गाड्या बाहेरून आणून विकणाऱ्या इराणी कुटुंबाने, आयातीवर सरकारी निर्बंध आल्यानंतर, महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांच्या पाठबळाने म्हैसुरास ‘आयडियल जावा’ हा कारखाना उभारला. सत्तरीच्या दशकात गाडीचे नाव ‘येझडी’ झाले, अंतरंग बव्हंशी तेच राहिले. 1985 मध्ये आलेल्या हिरो होंडासारख्या, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या चार-स्ट्रोक गाड्यांपुढे ही पेट्रोलखाऊ दोन-स्ट्रोक गाडी मागे पडत गेली आणि 1996 मध्ये कारखान्याला टाळे लागले. 2018 मध्ये जावा हे नाव बाजारात परत आले, परंतु त्या नव्या गाड्यांचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही.

जुन्या जावाचे इंजिन उघडलेला मनुष्य प्रथम चकित होतो तो आत काय नाही हे पाहून. व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारा कॅम नाही, तेलाचा पंप नाही. 65 मिलिमीटर व्यासाच्या ओतीव लोखंडी सिलिंडरात 75 मिलिमीटरची धाव घेणारा एक पिस्टन आपल्याच अंगाने सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या उघडतो आणि झाकतो. वर जाताना तो खालच्या क्रँकपेटीत कार्बोरेटरमधले मिश्रण ओढून घेतो, खाली येताना तेच मिश्रण दाबून वर पाठवितो, आणि जळालेला वायू पुढच्या दोन तोंडांवाटे दोन सायलेन्सरांत जातो. पेट्रोलमध्ये लिटरमागे सुमारे चाळीस मिलिलिटर तेल मिसळलेले असते, तेवढ्यावरच क्रँकची बेअरिंगे आणि पिस्टन यांचा निर्वाह चालतो. या साध्या व्यवस्थेत एकच गोष्ट नाजूक, आणि ती म्हणजे क्रँकपेटीची हवाबंदी. क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी सीले वर्षानुवर्षांच्या विश्रांतीने कडक होतात. डावीकडचे सील गेले तर इंजिन गिअरपेटीतले तेल ओढून पांढऱ्या धुराचे लोट सोडते. उजवीकडचे, डायनॅमोकडचे गेले तर आत नको ती हवा शिरते आणि गाडी थ्रॉटल सोडला तरी आपल्याच तंद्रीत ओरडत राहते. पुष्कळ हौशी मंडळी अशा वेळी कार्बोरेटरला दोष देऊन त्याचे स्क्रू फिरवीत बसतात. जुनी गाडी उभी करावयाची तर ही दोन सीले न बघता, न विचारता बदलावीत.

सांगली जिल्ह्यातील एका खेड्यात माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी वडिलांची 1967 सालची जावा पडवीत उभी केली तेव्हा तिचा पिस्टन सिलिंडरात गंजून घट्ट बसला होता. किकवर उभे राहून नाचण्याचा मोह अशा वेळी फार होतो आणि त्यात बहुधा किकचा दांडाच तुटतो. ओळखीच्या मिस्त्रीने त्यांना बजावले, “गुरुजी, जोर नका लावू. प्लगच्या भोकातून डिझेल अन् तेल सोडा आणि आठवडाभर गाडीकडं बघूच नका.” गुरुजींनी ते ऐकले. मग सिलिंडर हलक्या हाताने, लाकडी ठोकळ्यावर टकटक करीत वर सरकला. आतल्या भिंतीवर गंजाचे कडे उमटले होते, म्हणून सिलिंडर कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेला. तेथील लेथवर बोअर वाढवून त्या मापाचा मोठा पिस्टन बसविणे हे नित्याचे काम आहे. कारखाना बंद होऊन इतका काळ लोटला तरी पिस्टन, रिंगा, सीले, केबली असे सामान मिळत राहते. जे मिळत नाही ते पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी वा बुधवारी धीराने हिंडल्यास कधीतरी हाती लागते, आणि तेही न झाल्यास टर्नर घडवून देतो. मात्र जुन्या बाजारात खिशात मापे हवीत. विक्रेत्याच्या मते तेथील प्रत्येक भाग जावाचाच असतो.

गुरुजींच्या पडवीत मला सर्वांत रम्य वाटला तो क्लच. त्याच्या चकत्यांच्या खाचांत चक्क बुचाचे तुकडे बसविलेले असतात. तेलात भिजून मऊ राहणारे हे बूच गाडी पडून राहिली की वाळते, आकसते आणि खाचांतून सुटून येते. गुरुजींनी शाबूत तुकड्यांच्या चकत्या परातीत तेल घालून रात्रभर बुडवून ठेवल्या. सकाळी बोटाने दाबून पाहिले तेव्हा तेल अलगद वर येऊन पुन्हा आत मुरत होते. याच क्लचला जावाची दुसरी एक खुबी जोडलेली आहे. गिअर पायाने दाबला की आतली यंत्रणा क्लचही आपोआप सोडविते, त्यामुळे हाताच्या लिव्हरीला स्पर्श न करता गिअर बदलता येतो. आणि हाच गिअरचा दांडा आत दाबून वर फिरविला की तोच किक होतो. पाहुण्याला गाडी दिली तर तो उजवीकडे किक शोधीत वाकून वाकून थकतो, हा करमणुकीचा प्रकार जावाबाळगे लोक अजून मनापासून करतात.

रंगाच्या बाबतीत माझे व गुरुजींचे पटले नाही. जावाचा गर्द तांबडा रंग, टाकीच्या कुशीतले क्रोमचे पट्टे, गुडघ्यांसाठीचे रबरी ठसे आणि मडगार्डावरून ओघळणारी सोनेरी रेघ हे तिचे सौभाग्यलेणे. ती रेघ लांब केसांच्या बारीक कुंचल्याने, श्वास रोखून, एका ओढीत मारणारे पेंटर आता विरळ झाले असून त्यांच्या जागी चिकटपट्टी आली आहे, आणि पट्टीची रेघ सर्वत्र सारख्या जाडीची असते एवढ्यावरून ती ओळखू येते. गुरुजींनी मडगार्डे नव्याने रंगविली, परंतु टाकीचा मूळ रंग बऱ्यापैकी टिकलेला दिसल्यामुळे तिला पॉलिशखेरीज हात लावला नाही. टाकीच्या आत मात्र मूठभर नट-बोल्ट आणि फॉस्फोरिक आम्ल घालून ती खळखळवून गंज काढला. मला ही दुरंगी गाडी विजोड दिसते. “कारखान्याचा रंग एकदाच मिळतो,” एवढेच गुरुजींचे म्हणणे, आणि त्याला माझ्याजवळ चांगलेसे उत्तर नाही.

विशेष हे की सरकारी नियमही गुरुजींच्याच बाजूचा निघाला. 2021 मध्ये केंद्रीय मोटारवाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेले वाहन ‘व्हिंटेज’ ठरते, पण ते मूळ स्वरूपात असावे, त्याच्या सांगाड्यात वा इंजिनात ठोक फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे जावाला डिस्क ब्रेक नि जाड टायर लावून मिरविणाऱ्यांना ही सवलत दुरापास्त. नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क, दाखला 10 वर्षांचा, पुढच्या वेळी 5,000 रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. गुरुजींच्या गाडीचे दप्तर अजून मयत वडिलांच्या नावे असल्याने वारस दाखला, भावंडांची संमतिपत्रे, विमा अशी कागदपत्रांची जुळवाजुळव चालू आहे, आणि त्यांच्या मते गंजलेला पिस्टन याहून लवकर सुटला. शिवाय अशा नोंदणीची गाडी प्रदर्शन, मिरवणूक, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. बाजाराला जाण्याचा उल्लेख त्यात नाही. इंधन भरण्याचा पंप बाजारातच आहे, हा गुरुजींचा युक्तिवाद.

पेट्रोलचा मात्र नवाच उपद्रव उत्पन्न झाला आहे. हल्ली त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतले पाणी शोषते. अधूनमधून निघणाऱ्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाशी बसून नुकताच घालविलेला गंज पुन्हा बोलावते, आणि जुन्या रबरी नळ्याही त्यापुढे टिकत नाहीत. म्हणून गुरुजींनी नळी नव्या प्रकारची घातली आहे, तेल मिसळायचे ते दर वेळी ताजे मिसळतात, आणि फेरी संपवून घराच्या वळणावर येताच पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधला शेवटचा थेंब जळेपर्यंत गाडी पडवीच्या पायरीपर्यंत आणतात. क्वचित अंदाज चुकतो. मग शेवटचा चढ ढकलीत यावे लागते, आणि ढकलायला आळीतली पोरे हजर असतात.