मूलचा उन्हाळा आणि सशाचे पाणी

ससा पाणी पीत नाही, आणि बळेच पाजले तर दगावतो, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की ससे विकणारा माणूससुद्धा पिंजऱ्याबरोबर ती गिऱ्हाइकाच्या हवाली करतो. तिचा उगम शोधू गेल्यास ती अगदीच निराधार नाही असे आढळते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाच्या सभोवारच्या अरण्यात दिवस मावळताना पायवाट ओलांडणारा जो ससा आपण पाहतो, तो गवतातल्या खोलगट जागेत दडून बसतो, ओल्या पाल्यातून आणि दवातून आपली बरीचशी गरज भागवतो, आणि पाणवठ्यावर क्वचितच कोणाच्या नजरेस पडतो. त्या एकाच्या वर्तनावरून समस्त सशांविषयीचा निवाडा देण्यात आला. परंतु पिंजऱ्यातले न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला हे त्याचे सख्खे नव्हेत. स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत मूळ असलेल्या, बिळे करून राहणाऱ्या निराळ्याच प्रजातीचे ते वंशज होत. रानातला ससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्यामुळे त्याला धरून पाळणे हा गुन्हा आहे, हेही ताडोबाच्या सावलीतल्या या तालुक्यात जाता जाता सांगून ठेवलेले बरे.

पावसाळ्यात ही समजूत खरीही वाटू लागते, कारण कोवळ्या हिरव्या गवतात सुमारे 80 टक्के पाणीच असते आणि ते पोटभर खाणारा ससा भांड्याकडे फारसा वळत नाही. मग लहान पिल्लांना हगवण लागली की दोष पाण्यावर येतो; वास्तविक तिच्या मुळाशी बहुधा आतड्यातला कॉक्सिडिया हा परोपजीवी, आंबलेला चारा किंवा खुराकात एकाएकी केलेला बदल असतो. खरी परीक्षा फाल्गुनानंतर सुरू होते. धानाच्या बांध्या उघड्या पडतात, बोड्या (छोटी तळी) आटतात, हिरवा चारा मिळेनासा होऊन सगळी भिस्त कोरड्या खुराकावर येते, आणि नेमक्या त्याच वेळी पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने प्रसिद्ध केलेल्या, फ्रांस्वा लबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सशांवरील ग्रंथात या बाबतीत स्पष्ट नोंद आहे: निव्वळ कोरडा खुराक आणि पाणी मुळीच नाही अशा स्थितीत सशाचे खाणे 24 तासांच्या आत शून्यावर येते. म्हणजे तहानेचा परिणाम प्रथम भुकेवर दिसतो. पाळणाऱ्याला वाटते की उन्हाने अन्न जात नाही, आणि तो पाण्याऐवजी खुराक बदलीत बसतो. 3 किलो वजनाच्या सशाला सौम्य हवेत दिवसाकाठी साधारण 300 मिलिलिटर पाणी लागते, कोरड्या खाद्याच्या जवळजवळ दुप्पट. दूध पाजणारी मादी लिटरभर, प्रसंगी त्याहूनही अधिक पिते. सशाला घाम येत नाही; अंगातली उष्णता तो लांब कानांतून आणि जलद श्वासातून बाहेर टाकतो, आणि हवा 35 अंशांपुढे गेली की हे दोन्ही उपाय त्याला अपुरे पडू लागतात. मूलच्या मे महिन्यात ही मर्यादा सकाळच्या न्याहारीच्या सुमारासच ओलांडली जाते.

आता हे पाणी सशाला अखंड पुरवणाऱ्या स्वयंचलित पाणीयोजनेकडे वळू. ‘स्वयंचलित’ म्हटले की मोटर, टायमर आणि अखंड वीज डोळ्यांपुढे येते, आणि भारनियमनाचा अनुभव असलेला माणूस तेथेच हात टेकतो. या योजनेला विजेची गरजच नाही. उंचावर ठेवलेली एक टाकी, तिच्यातून पिंजऱ्यांच्या मागच्या बाजूने नेलेली नळी, आणि प्रत्येक पिंजऱ्यात डोकावणारे एकेक निप्पल, एवढाच तिचा संसार. निप्पलातली बारीक दांडी सशाने जिभेने किंवा दातांनी ढकलली की पाणी येते आणि सोडली की बंद होते.

टाकी मोठी असली की दाब अधिक मिळतो, असे पुष्कळांना वाटते. दाब पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, साठ्यावर नव्हे. 20 लिटरचा कॅन आणि 1000 लिटरची टाकी यांतील पाण्याची पातळी समान उंचीवर असेल तर निप्पलाशी दाब तंतोतंत तोच. पाण्याची पातळी निप्पलांपासून साधारण मीटरभर वर राहिली की काम भागते. याउलट गच्चीवरच्या टाकीचा किंवा नळयोजनेचा नळ थेट जोडून देणारे लोक आहेत. 10 मीटर उंचीचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलो पडतो. तेवढ्याने निप्पले ठिबकू लागतात आणि तोंडावर पिचकारी बसल्याने ससा त्या कोपऱ्याकडे फिरकत नाही. यावर इलाज असा की मुख्य नळ आणि निप्पले यांच्यामध्ये एक लहान टाकी ठेवून तिला तरंगत्या गोळ्याचा कॉक बसवावा. सेकंदाला एक थेंब गळणारे निप्पल दिवसात 4 लिटरांहून अधिक पाणी सांडते, आणि त्या पाण्यात मूत्र मिसळून जो अमोनियाचा उग्र दर्प उठतो तो सशाच्या नाकाला आणि फुप्फुसांना बाधतो. त्यामुळे गळतीकडे ‘थोडेसेच तर आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

ठिबक सिंचनाची उरलेली काळी लॅटरल वापरण्यास मात्र कोणतीच हरकत नाही. किंबहुना ती पारदर्शक नळीपेक्षा सरस, कारण उजेड आत न शिरल्याने शेवाळ धरत नाही. ड्रिपर तेवढे काढून टाकावेत, ते अविरत गळण्यासाठीच केलेले असतात. नळी पिंजऱ्याच्या बाहेर ठेवावी, नाहीतर ससे ती कुरतडतात. वरखाली हेलकावे घेणाऱ्या नळीत हवा अडकून पुढची निप्पले कोरडी पडतात, म्हणून ती एकसारख्या हलक्या उताराने न्यावी आणि शेवटास पाणी सोडून देण्याचा कॉक ठेवावा.

या शेवटच्या कॉकाची खरी किंमत ऐन उन्हाळ्यातल्या नवतप्यात कळते. परदेशी पुस्तकांत या योजनेवरचे लांबलचक प्रकरण थंडीत पाणी गोठू नये म्हणून काय करावे यावर असते. आपल्याला त्याचे प्रयोजन नाही, आपले संकट उलट्या दिशेचे आहे. उन्हात पसरलेल्या काळ्या नळीतले साचलेले पाणी दुपारी हात भाजेल इतके तापते आणि ससा त्याला तोंड लावत नाही. टाकी भरलेली, निप्पल चालू, आणि जनावर तहानलेले, असा विलक्षण प्रकार घडतो. म्हणून टाकी व नळी यांवर तणसाचे किंवा ओल्या गोणपाटाचे आच्छादन असावे, आणि दुपारी दोनतीनदा शेवटचा कॉक उघडून तापलेले पाणी काढून टाकावे. मोजके ससे असणाऱ्याने प्लास्टिकच्या टाकीऐवजी माचावर मातीचा रांजण ठेवून त्यालाच तोटी बसवली तर पाझराने पाणी आपोआप निवते. माझ्या मते या मुलखासाठी याहून चांगली टाकी बाजारात नाही. थंड पाण्याने सशाला सर्दी होते ही भीती व्यर्थ आहे. त्याच्या वाहत्या नाकामागे बहुधा पाश्चुरेला हा जंतू आणि कोंदट, ओला निवारा असतो.

उन्हाळ्यात टाकीतच गूळ किंवा शक्तिवर्धक औषध मिसळण्याचा जो शिरस्ता पडला आहे तो मोडावा. गोड पाण्याने नळीच्या आतल्या अंगास बुळबुळीत थर धरतो आणि त्यात जंतूंची वस्ती वाढते. औषध द्यायचेच असेल तर ते निराळ्या वाटीतून द्यावे. बोअरचे पाणी जड असेल तर निप्पलाच्या दांडीभोवती पांढरी पुटे चढून ते एकतर गळते किंवा अडते. अशी निप्पले काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजत घातली की मोकळी होतात. आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या ज्या गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे तेथे माणसांसाठी जे पाणी निवडले, तेच सशांनाही द्यावे.

राहिला सर्वांत घातक समज, तो असा की योजना एकदा बसवली म्हणजे पाहणी संपली. मातीच्या जड वाटीतले पाणी संपले की डोळ्यांना दिसते. अडलेल्या निप्पलामागचे कोरडेपण दिसत नाही, ते दुसऱ्या दिवशी उरलेल्या खुराकावरून आणि बारीक, कडक झालेल्या लेंड्यांवरून ओळखावे लागते. म्हणून रोज सकाळी प्रत्येक निप्पल बोटाने दाबून हजेरी घ्यावी. उघड्या भांड्यातून ससा अधिक सहज आणि भरभर पितो हेही खरे आहे. निप्पलाचा गुण स्वच्छतेचा, वाटीचा सुलभतेचा, आणि कडक उन्हाळ्यात दोन्ही ठेवण्यात कमीपणा नाही.

नवीन योजना सुरू करताना वाट्या एकदम काढू नयेत. निप्पलाच्या टोकाशी थेंब लोंबता ठेवला की बहुतेक ससे एकदोन दिवसांत ते शिकतात. एखादा शिकत नाही, त्याची वाटी चालू ठेवावी. पिल्ले तिसऱ्या आठवड्यात घरट्याबाहेर येऊन पाण्याला तोंड लावू लागतात, आणि आईच्या उंचीचे निप्पल त्यांना पोचत नाही. व्यालेल्या मादीच्या पिंजऱ्यात त्यांच्यासाठी दुसरे, खालच्या अंगास बसवावे.