संगीताची परीक्षा आणि घरांतील वडील मंडळी

गतवर्षीं माझी नात आठवीच्या वर्गांत असतां संगीताच्या परीक्षेस बसली. तिच्या तयारीचें काम मीं हौसेनें अंगावर घेतलें. उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेलेला; तेव्हां शब्दांचीं रूपें घोकून घ्यावींत, तशींच वादी, संवादी, थाट व मात्रा हीं मीं तिजकडून घोकून घेतलीं. लेखी उत्तरें तिनें उत्तम लिहिलीं. प्रात्यक्षिकांत परीक्षकांनीं चार स्वरसमूह गाऊन राग विचारला. तिनें ‘भूप’ म्हणून सांगितलें. तो होता देशकार! तिचा धीर सुटला, तो सुटलाच. घरीं येऊन तिनें तंबोऱ्यास गवसणी घातली, ती दोन महिने काढली नाहीं.

दोष मुलीचा नव्हता, शिकविणाराचा होता. या दोन्ही रागांचे स्वर तेच पांच. मध्यम व निषाद दोहोंतही वर्ज्य. परंतु भूपाचा वादी गंधार, त्याचा विस्तार पूर्वांगांत. देशकाराचा वादी धैवत, त्याचा ओढा उत्तरांगाकडे. भूप रात्रीच्या प्रथम प्रहरीं गातात, देशकार सकाळीं. हें सर्व तिला मुखोद्गत होतें. मात्र देशकार तिनें कानांनीं एकदांही ऐकला नव्हता! पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं निरनिराळ्या घराण्यांतील गायकांकडून चिजा मिळवून मग त्या क्रमिक पुस्तकांत छापल्या. गाणें आधीं, पुस्तक मागाहून. हा क्रम मीं उलटा केला होता.

यंदां तो सुधारला आहे. सकाळीं अर्धा तास पेटी बंद ठेवून केवळ तंबोऱ्यावर षड्ज लावावयाचा. दुपारीं आजी भाजी निवडतां निवडतां झपतालाच्या दहा मात्रा मोजते. नात पहिल्या, तिसऱ्या व आठव्या मात्रेस टाळी देते, सहावीस खाली दाखविते. दुगुणींत तोच ठेका पांच मात्रांत बसवितांना दोघींचीही तारांबळ उडते. रात्रीं जेवणें आटोपल्यावर धाकटे चिरंजीव मोबाइलवर एखादें गायन नांव न सांगतां लावतात, व सर्वांनीं राग ओळखावयाचा. मी बहुधा चुकतों. आजोबाही चुकतात, हें पाहिल्यापासून नातीची चुकण्याची भीति पुष्कळ कमी झाली आहे.

परीक्षा पुढील महिन्यांत आहे. निकाल काय लागेल तो लागो. पालकांस माझें एवढेंच सांगणें आहे कीं, रागाची व्याख्या पाठ करून घेण्यापूर्वीं तो राग मुलांस ऐकवावा, व आपणही त्यांच्या शेजारीं बसून ऐकावा.