मापात पाप: कायदा काय म्हणतो?

२०१७ च्या जून-जुलैत ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने वैधमापन अधिकाऱ्यांना सोबत घेऊन ठाणे जिल्ह्यापासून राज्यभरातल्या पेट्रोल पंपांवर छापे घातले. त्याआधी एप्रिलमध्ये लखनऊत पंपांवर कमी इंधन देण्याचे असेच प्रकार उघडकीस आले होते. युक्ती पल्सरमध्ये होती. वाहणारे इंधन मोजून त्याचे विद्युत-स्पंद आकड्यांपर्यंत पोहोचवणारा हा भाग. त्यात चिप बसवली की आकडा पुढे पळतो, टाकीत मात्र कमी पडते.

वैधमापन अधिनियम, २००९ च्या कलम २६ नुसार मापात फेरफार केल्यास पहिल्या गुन्ह्याला ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठरला. तुरुंगवासाची तरतूद दुसऱ्या गुन्ह्यापासून. रोज हजारो लिटर विकणाऱ्या पंपाला ही रक्कम किरकोळच. म्हणूनच फसवणुकीचे कलम महत्त्वाचे: पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे (भादंवि) ४२०, तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१८(४). शिक्षा सात वर्षांपर्यंत.

पंपावरची फसवणूक फक्त मापातच होते असे नाही. स्वाइप मशीनला स्किमर लावून कार्डाची माहिती चोरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६ आणि ६६-सी लागू होतात. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद.

शंका आली तर पंपावरच पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे. फरक २५ मिलिलिटरपर्यंतच चालतो. ग्राहक तक्रारीसाठी हेल्पलाइन १९१५. कार्डातून पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता १९३०.